करीम क्लॅरोनेटवाल्याचा रियाज

करीमभाईंचे वरचे सगळे दात जूनच्या अखेरीस काढले. एका बैठकीत नव्हे, तीन खेपा झाल्या. हिरड्या कधीच्याच कामातून गेल्या होत्या, पण लग्नसराई संपेपर्यंत ते दंतवैद्याच्या गल्लीतही फिरकले नाहीत. दुखण्याची भीती म्हणून नाही. क्लॅरोनेट वाजवताना वाद्याची काळी चोच तोंडात घेतात, वरचे दात तिच्यावर टेकवतात, खालचा ओठ चोचीखालच्या वेताच्या पातळ पत्तीला लावतात आणि मग फुंकतात. म्हणजे वरचे दात हा वाद्याचाच एक भाग झाला. तो काढायचाच तर निदान मोसम संपल्यावर काढावा, एवढाच त्यांचा विचार होता.

त्यांचं वय एकसष्ट. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या रांगेत एक अरुंद गाळा आहे आणि त्यावर 'कचरू ब्रास बँड' अशी पाटी आहे. कचरूमास्तर जाऊन बरीच वर्षं झाली, आता त्यांचा नातू सुदर्शन बँड चालवतो. करीमभाई विसाव्या वर्षी या बँडात आले आणि पंचविसाव्या वर्षी मेन क्लॅरोनेट झाले. मेन म्हणजे गाण्याची ओळ वाजवणारा. तो पुढे आणि बाकीचे त्याच्या मागे. वरातीत तो पहिल्या रांगेत मधोमध चालतो, आणि नवरदेवाच्या मामाला एखादं गाणं हवं असलं तर मामा त्याच्याच कानाशी येऊन सांगतो. करीमभाईंना हा मान छत्तीस वर्षं मिळाला आणि तो त्यांना मनापासून आवडत असे. लपवत नसत ते.

या धंद्यात एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. एकवीस माणसांचा बँड ठरला की रस्त्यावर एकवीस लाल कोट दिसावे लागतात, एकवीस जण वाजवतीलच असं नाही. दोघे-तिघे नुसते वाद्य धरून चालतात. गाल फुगवायचे, बोटं हलवायची, नजर समोर ठेवायची. ढोलांच्या आणि गाडीवरच्या कॅसिओच्या आवाजात कुणाला काय पत्ता लागतोय! अशा माणसाला बँडवाले 'भरतीचा' म्हणतात. तो दिवसा कुठे रंगकाम करत असतो, कुठे वॉचमन असतो, आणि संध्याकाळी कोट चढवतो. करीमभाई भरतीच्या माणसाशी जेवणाच्या पंगतीतसुद्धा बोलत नसत. हा त्यांचा ताठा होता आणि सगळ्या बँडला तो माहीत होता.

ऑगस्टमध्ये कवळी बसली. दंतवैद्याने आरशात दाखवली, सत्तरपर्यंत आकडे म्हणवून घेतले, शेंगदाणे जपून खा म्हणाला. करीमभाईंनी विचारलं, "वाजवता येईल ना?" "हळूहळू येईल," दंतवैद्य म्हणाला. त्याने क्लॅरोनेट कधी हातात धरलेलं नव्हतं, त्यामुळे हे उत्तर त्याला सोपं गेलं.

वारज्याच्या घरी आल्या आल्या करीमभाईंनी पेटी उघडली, क्लॅरोनेट जोडलं आणि फुंकर मारली. वरची कवळी निसटून जिभेवर पडली आणि वाद्यातून नुसती हवा गेली. बायको जरीना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली नाही आणि तिने दिलासाही दिला नाही. "आधी पाणी प्या," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते गाळ्यावर गेले. सुदर्शनने खुर्ची दिली, चहा मागवला. पोरगा गुणी होता, मोठ्यांशी आदराने वागायचा. म्हणूनच त्याचं बोलणं जास्त लागलं.

"चाचा, घाई अजिबात नाही. गणपतीत तुम्ही येऊ नका. तुळशीच्या लग्नानंतर पहिली ऑर्डर हडपसरची आहे. तोवर जमलं तर तुम्हीच मेन. नाही जमलं तरी तुमचा कोट कुठे जात नाही. भरतीत उभं राहायचं. पाकीट तेच मिळेल."

करीमभाईंनी चहा संपवला, "बघतो" म्हणाले आणि बसमध्ये बसले. त्या दिवशी ते दोन थांबे पुढे गेले आणि चालत मागे आले. भरतीचा माणूस होण्यापेक्षा बँड सोडलेला बरा, असं त्यांना वाटलं. पण बँड सोडून दुसरं काही काम त्यांनी कधी केलं नव्हतं.

रियाज करायचा हे तर उघडच होतं. पण खरं सांगायचं तर करीमभाईंनी जन्मात कधी रियाज केला नव्हता. ते चालता चालता शिकले. नवं गाणं आलं की गाळ्यात दोनदा ऐकायचं आणि संध्याकाळी वरातीत वाजवायचं. पहिल्या चार लग्नांत ते कसंबसं व्हायचं, पाचव्यात बसायचं. कचरूमास्तरांचा दंडकच होता की वाजवणारा रस्त्यात थांबत नाही. चुकलास तर चुकलास, पुढची ओळ पकड, वरात उभी राहता कामा नये. छत्तीस वर्षांत करीमभाई चुकून थांबल्याचं कुणाला आठवत नाही.

तेव्हा त्यांनी घरी बसून तेच सुरू केलं. नवरदेव मांडवाच्या दाराशी पोचला की बँड एक संथ गाणं वाजवतो. तीनच ओळींचं आहे, पण सगळं लग्न त्या वेळी गप्प होऊन ऐकतं. ते दारातलं गाणं करीमभाईंनी धरलं. सकाळी दहाला बसायचं, पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत जायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. दोन-दोन तास. कवळी निसटायची, ती दाबून बसवायची आणि पुढे जायचं. आठवड्याभरात खालचा ओठ सुजला, हिरडीला फोड आला आणि गाणं होतं तिथेच राहिलं.

कवळीचा बंदोबस्त त्यांनी स्वतःच शोधला. सनईवाले पत्ती दोन्ही ओठांत धरतात, दात लावतच नाहीत. करीमभाईंनी वरचा ओठ आत दुमडून कवळी आणि चोच यांच्या मधे घेतला. कवळी जागेवर राहिली आणि सूरही निघाला, पातळ आणि थरथरता. पण तीन मिनिटांत ओठ असे दमायचे की नंतर चहाही सांडायचा. आणि दारातल्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीत, जिथे चार सूर वर चढतात, तिथे दर वेळी चिरका आवाज यायचा.

त्यांची मुलगी सुमय्या कोथरूडला एका हाडांच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ती सुट्टीच्या दिवशी घरी होती. सकाळभर तिने ऐकलं आणि मग बाहेर आली.

"अब्बा, नक्की कुठे चुकतंय?"

"सगळीकडेच."

"सगळीकडे कुणाचंच चुकत नाही. माझे पेशंटही येतात तेव्हा सगळं अंग दुखतंय म्हणतात. जिथे दुखतं तिथे बोट ठेवा म्हटलं की एकाच जागी ठेवतात."

करीमभाईंना राग आला. गुडघे वाकवणाऱ्या पोरीने क्लॅरोनेटबद्दल बोलावं! पण त्यांना बोट ठेवता येईना, हेही खरं. सुमय्याने फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, वाजवा. दहा मिनिटांनी तिने ते त्यांनाच ऐकवलं. छत्तीस वर्षं हजारो माणसांनी त्यांना ऐकलं होतं, त्यांनी स्वतः कधीच नाही. पहिल्यांदा त्यांना वाटलं फोन खराब आहे. मग ते नीट बसून ऐकू लागले.

गाणं बारा वेळा सुरू झालं होतं. पहिली ओळ बाराही वेळा ठीक होती, शेवटी शेवटी तर चांगलीच. चार सुरांच्या चढावर बाराही वेळा माती. तिथे अडखळले की ते पुढे रेटून न्यायचे आणि पुन्हा पहिल्या ओळीकडे यायचे, कारण पहिली ओळ येत होती आणि येणारी गोष्ट वाजवायला बरं वाटतं. दोन तासांतला दीड तास त्यांनी जे येतंय त्यावरच घालवला होता. करीमभाईंना लाज वाटली. कधी नव्हे ते त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

"मग आता?" त्यांनी मुलीला विचारलं.

"फक्त ते चार सूर. अगदी हळू. चुकलात की थांबायचं, पुढे जायचं नाही. आणि ओठ दमायच्या आधी उठायचं."

"दमायच्या आधी? मग रियाज कसला?"

"गुडघ्याच्या पेशंटला मी दहा वेळा सांगते. शहाणा असतो तो तीस वेळा करतो आणि दुसऱ्या दिवशी सुजून येतो. तुमचा ओठ बघा आरशात."

थांबणं हा करीमभाईंच्या हाडात नसलेला प्रकार. पहिले काही दिवस चूक झाली तरी बोटं आपोआप पाचव्या सुरावर धावत, मग ते स्वतःलाच शिवी देत आणि मागे येत. मोबाइलवर आधी दोन मिनिटांचा, मग वाढवत सात मिनिटांचा गजर लावत, आणि वाजवलेलं त्याच फोनवर पुन्हा ऐकत. गजर झाला की वाद्य खाली, मग सूर कितीही छान लागत असो. सुमय्याने आणखी एक केलं. क्लॅरोनेट पेटीत ठेवू दिलं नाही. जोडून, पुसून, फडक्यावर शोकेसच्या वरच्या फळीवर ठेवलं आणि सांगितलं की सकाळच्या चहानंतर एकदा, दुपारच्या नमाजेनंतर एकदा, संध्याकाळच्या चहानंतर एकदा. इच्छा आहे की नाही ते विचारायचंच नाही. चहा झाला की उठायचं.

इमारतीत चार सूर घुमू लागले. तेच चार. रोज तीन वेळा. खालच्या मजल्यावर सत्यशीलाबाई राहतात, निवृत्त शिक्षिका. तिसऱ्या आठवड्यात त्या जिन्यात भेटल्या.

"अहो करीमभाई, त्या गाण्याचा पुढचा भाग कुठे मिळत नाही का?"

"मिळतो, बाई. पण हा भाग झाल्याशिवाय देत नाहीत."

"असं होय. आम्हाला वाटलं, तेवढंच परवडतंय."

पण त्यांनी सोसायटीत तक्रार केली नाही. पुढे एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना त्या म्हणाल्या की चौथा सूर आता किंचाळत नाही. करीमभाईंनी मान हलवली आणि घरी येऊन जरीनाला तीनदा सांगितलं.

गणपती आले आणि गेले. बँड मिरवणुकीला निघाला तेव्हा करीमभाई घरी होते. त्या दिवशीही त्यांनी तीन वेळा सात-सात मिनिटं केली. काही दिवस असे यायचे की काल आलेलं आज येत नसे. मग ते नवीन काही न घेता कालचंच घेत. दसऱ्याला चार सूर स्वच्छ झाले. मग त्यांनी त्यांच्या आधीचा सूर जोडला, मग नंतरचा. दिवाळीपर्यंत तिन्ही ओळी झाल्या. ओठ तीन मिनिटांवरून चौदा मिनिटांवर आला होता. आवाज पूर्वीसारखा भरदार नव्हता, पण सूर खरा होता. सुदर्शनने गाळ्यात ऐकलं आणि तो खुश झाला. "पूर्ण वरात नको, चाचा. दारातलं गाणं आणि आणखी दोन तुम्ही, बाकी कॅसिओ."

हडपसरचं लग्न मोठं होतं. करीमभाई लाल कोटात पहिल्या रांगेत मधोमध चालत होते, आणि उजवीकडे नेहमीप्रमाणे दुसरा क्लॅरोनेट, बद्रीनाथ. बद्रीनाथ मूळचा बुलढाण्याकडचा. पंचवीस वर्षांपूर्वी हडपसरच्या एका कारखान्यात कामाला आला, तेव्हापासून संध्याकाळी बँडात असतो. करीमभाई कुणालाही सांगत की आमच्या दोघांसारखी जोडी पुण्यात नाही. पहिली दोन गाणी नीट झाली. मांडवाचं दार आलं, सगळे गप्प झाले आणि करीमभाईंनी दारातलं गाणं उचललं. पहिली ओळ झाली. दुसरीत चार सुरांचा चढ सुरू असताना त्यांचा पाय खड्ड्यात गेला, कवळी हलली आणि तिसरा सूर चिरकला.

करीमभाई थांबले. चोच तोंडातून काढली, ओठ ओले केले आणि ते चार सूर पुन्हा वाजवले, अगदी हळू. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

आता बँड मेनच्या मागे जाणारा. साइड ड्रमवाला थबकला, ट्रम्पेट तिसऱ्या ओळीत निघून गेले होते ते परत यायला निघाले, बेस ड्रमवाल्याने दोन ठोके जास्तीचे दिले आणि मग काठी हवेत धरून ठेवली. नवरदेवाच्या मामाला वाटलं की बँड ओवाळणीसाठी अडलाय. त्याने पाचशेची नोट काढून करीमभाईंच्या टोपीभोवती फिरवली. तालात राहिली ती फक्त घोडी. करीमभाईंना तिसऱ्यांदा चौथा सूर लागला तेव्हा आपण कुठे आहोत ते त्यांच्या ध्यानात आलं.

सुदर्शन नंतरही ओरडला नाही. "चाचा, घरी रियाज करता तसं रस्त्यात केलंत," म्हणाला. ते बरोबर होतं. "पुढच्या रविवारी नऱ्ह्याला भरतीत उभे राहा. नंतर पाहू."

घरी सुमय्याने सगळं ऐकून कपाळाला हात लावला. चूक आपलीच म्हणाली. दवाखान्यात ती पेशंटला आधी एकेक हालचाल सुटी सुटी शिकवते, पण घरी सोडायच्या आधी खराखुरा जिना चढायला लावते, मध्ये न थांबता. ते अब्बांना सांगायचं राहून गेलं होतं. मग सकाळची आणि दुपारची बैठक थांबण्याची ठरली आणि संध्याकाळची न थांबण्याची. संध्याकाळी करीमभाई बँडचे बूट घालून गच्चीवर जात आणि पाण्याच्या टाक्यांभोवती चालत गाणं एकदाच वाजवत. कवळी हलो, सूर चिरको, शेवटपर्यंत जायचं आणि खाली यायचं. कुठे बिघडलं ते लक्षात ठेवायचं आणि सकाळी तेवढंच घ्यायचं. सत्यशीलाबाई म्हणाल्या, "आता प्रदक्षिणाही?"

असे चार-पाच दिवस झाले आणि नऱ्ह्याचा रविवार आला.

करीमभाईंनी छत्तीस वर्षांत पहिल्यांदा क्लॅरोनेट तोंडाला लावून श्वास आत धरला. बोटं चालत होती, गाल फुगलेले होते, आवाज नव्हता. लोक नाचत होते. त्यांच्याकडे पाहून एकाने अंगठाही वर केला. अपमान वाटायला हवा होता आणि तो वाटलाच, पण त्याहून चमत्कारिक काही होत होतं. स्वतःचा आवाज नसल्यामुळे त्यांना बँड ऐकू येत होता. तीन महिने फोनवर स्वतःला ऐकून कान लागलेले होते. ट्रम्पेट अर्ध्या मात्रेने पुढे होते. जाड आवाजाचा युफोनियम बरा होता. कॅसिओ गाणं ओढत होता. उजवीकडून, बद्रीनाथकडून, काहीच येत नव्हतं.

त्यांनी मान न वळवता पाहिलं. बद्रीनाथची बोटं अचूक पडत होती, एकही चूक नव्हती, गालही फुगलेले होते. आवाज मात्र नव्हता.

परतीच्या टेम्पोत करीमभाई त्याच्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "किती दिवस?"

बद्रीनाथने आढेवेढे घेतले नाहीत. "नऊ वर्षं. हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाला, जोरात फुंकायचं नाही. म्हटलं दोन महिने गप्प धरू. दोन महिन्यांत कोणी काही बोललं नाही. मग काहून सांगू?"

"सुदर्शनला माहीत आहे?"

"सुदर्शनला माहीत नाही. तुलाच माहीत नव्हतं, करीम. तू तर माझ्या हाताला हात लावून चालायचास."

 नऊ वर्षं करीमभाई पुण्यातली सर्वांत चांगली जोडी म्हणून मिरवत होते आणि त्या जोडीत एकटेच वाजवत होते. त्यांना बद्रीनाथचा राग आला, पण तो टिकला नाही. स्वतःचाच जास्त आला.

सोमवारी सकाळी ते उठून शोकेसकडे गेले नाहीत. मंगळवारीही नाही. हिशेब साधा होता. पाकीट तेच, कोट तोच, जागाही जवळपास तीच, आणि फरक कुणालाही कळत नाही. मग ओठ सुजवून घ्यायचे कशासाठी? जरीनाला हे पटलेलं दिसलं. "एकसष्ट झालं, आता नुसतं धरलंत तरी पुष्कळ," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात माया होती, तरी ते करीमभाईंना सहन झालं नाही.

गुरुवारी चहाचा कप खाली ठेवला आणि ते उठून शोकेसपाशी गेले. ठरवलं वगैरे काही नव्हतं. तीन महिने चहानंतर पाय तिकडे जात होते, तसे गेले. क्लॅरोनेट हातात आल्यावर मात्र त्यांना परत ठेववेना. कुणाला कळत नाही हे खरंच होतं. पण त्यांना आता कळत होतं, चिरकलेला सूर कुठला आणि खरा कुठला, आणि एकदा कळायला लागल्यावर नुसती बोटं हलवून घरी येणं त्यांना जमणार नव्हतं. त्यांनी सात मिनिटं केली. दुपारी केली. संध्याकाळी बूट चढवले.

पुढचं लग्न कर्वेनगरला होतं, पंधरा दिवसांनी. सुदर्शनने त्यांना भरतीतच ठेवलं होतं आणि करीमभाईंनी त्याला काही विचारलंही नाही. पूर्ण वरातभर ते गप्प धरून चालले, ओठ राखून. रस्ता खोदलेला होता, मध्येच एक बस अडकली, नाचणाऱ्यांपैकी एकाने धक्का दिला. शेवटी मांडवाचं दार आलं. कॅसिओने दारातलं गाणं सुरू केलं, लोक गप्प झाले, आणि करीमभाईंनी वरचा ओठ आत घेऊन फुंकलं.

पहिली ओळ आली. दुसरीतले चार सूर चढले, सरळ, एकामागून एक. चूक झाली ती तिसऱ्या ओळीत, जिथे ती व्हायचं काही कारणच नव्हतं. एक सूर लवकर सुटला आणि पुढचा त्याच्यावर आपटला. बोटं थबकली नाहीत. ते पुढे गेले, ओळ पुरी केली, गाणं पुरं केलं. नवरदेव घोडीवरून उतरला, कुणीतरी अक्षता फेकल्या, फोटोवाला ओरडत होता. सुदर्शन पुढच्या गाण्याची खूण करत होता. त्याला काही कळलेलं दिसलं नाही. मामाही कानाशी आला नाही.

कोट काढून सगळे टेम्पोत बसले. बद्रीनाथ शेजारी होता.  नदीचा पूल आला तेव्हा तो म्हणाला, "तिसऱ्या ओळीत चुकलास."

करीमभाईंनी त्याच्याकडे पाहिलं. वर्षभरापूर्वी कुणी हे म्हटलं असतं तर त्यांनी त्याचं तोंड पाहिलं नसतं. आता त्यांना आनंद झाला. भरतीचा माणूस कधी चुकत नाही, वाजवणाराच चुकतो.

"कुठल्या सुरावर?" त्यांनी विचारलं.

बद्रीनाथने स्वतःच्या गुडघ्यावर बोटं ठेवली आणि ओळ नुसत्या बोटांनी वाजवून दाखवली, सावकाश. एका जागी थांबला. "इथं. तू घाई करतोस."

"परत दाखव," करीमभाई म्हणाले.